लॅपटॉपला आलेला ताप

वरवंड,
मंगळवार

प्रिय ऋतिका,

तुझा लॅपटॉप गेला. पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. नाही वाचलंस तरी माझ्या डोक्यावरचं ओझं उतरेल. फोनवरच सांगितलं असतं, पण तुमच्या पोलीस ट्रेनिंगमध्ये फोन मिळतो रविवारी, घटकाभर, आणि तो सगळा वेळ आई खातात. जेवलीस का, पाय दुखतात का, केस गळतात का. माझ्या हातात फोन येईपर्यंत तिकडे शिट्टी वाजलेली असते. आणि आप्पा फोन वाजला की उठून गोठ्यात जातात. तू गेल्यापासून त्यांनी म्हशीला इतकं गोंजारलंय की तीच आता वैतागली असेल. तू निघालीस तेव्हा ते म्हणाले, "जायाचं तर जा, पर मग मला फोन करू नगंस," आणि तू म्हणालीस, "नाही करणार." बापलेकीनं शब्द पाळलाय. या घरात दुसरं कुणी कुणाचं काही ऐकत नाही, पण हे मात्र अगदी काटेकोर चाललंय.

तर, लॅपटॉप. तू तो माझ्या हवाली करून गेलीस म्हणून यवतच्या फ्लेक्सवाल्याची कामं मला घरबसल्या मिळायला लागली होती. भांडगावच्या एका भावी आमदाराचा वाढदिवस होता. शुभेच्छुकांचे इतके फोटो आले होते की बॅनरवर खुद्द वाढदिवसवाल्याला जागा उरेना. सकाळी चहा घेऊन बसले, बटण दाबलं, तर काहीच नाही. दिवा नाही, आवाज नाही. आदल्या संध्याकाळी चांगला चालत होता गं! मी पुन्हा दाबलं, मग धरून ठेवलं, मग चार्जर काढून दाबलं, चार्जर लावून दाबलं, शेवटी हात जोडले आणि दाबलं.

मग गाव गोळा झालं. या गावात म्हैस आडली तर बोलावूनही माणूस येत नाही, पण लॅपटॉप बंद पडल्याचं कळल्यावर माणसं वाट वाकडी करून आली. तुझ्या दादानं आधी तो उलटा करून थोपटला, टीव्हीचा रिमोट थोपटतो तसा, आणि नंतर म्हणाला, जरा उन्हात ठेवून बघ. मी म्हटलं, कुरडई आहे का ती? आईंनी मीठमोहरी ओवाळून चुलीत टाकली आणि तडतड आवाज आला तशा म्हणाल्या, "बघ, किती दिष्ट लागलीवती!" दृष्ट निघाली, लॅपटॉप तसाच. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देणारे मुजीबभाऊ मीटर घेऊन आले. घरात आलेला तेवढा एकच माणूस काहीतरी तपासून बोलला. "वहिनी, चार्जरला करंट हाय. रोग मशिनीतच हाय. म्या उघडली आस्ती, पर त्यात माझ्या मापाचा एक बी नट न्हाई." फोनवर व्हिडिओ बघावेत तर ते सगळे उंटावरून शेळ्या हाकणारे. एक म्हणतो बॅटरी काढा, पुन्हा बसवा. तुझ्या लॅपटॉपची बॅटरी आतच चिकटवलेली! दुसरा म्हणतो, अंधारात टॉर्च मारून स्क्रीन बघा. कॉटखाली शिरून तेही केलं. मला माझंच तोंड दिसलं, आणि ते काही बघण्यासारखं नव्हतं.

यवतला नेला तर दुकानदार म्हणाला, आठ दिवस ठेवून जा. तिकडे भावी आमदाराचा माणूस दर तासाला फोन करतोय. बॅनर शेवटी दुसऱ्याच कुणीतरी केला, आणि फ्लेक्सवाला आता पुढची कामंही त्याच्याकडेच देतोय. ते दुःख मला आहेच, पण ते माझं मी बघीन. मी लॅपटॉप उचलला आणि चौफुल्यावरून सरळ शिरूरला गेले. माझ्या माहेरच्या गल्लीतला सम्राट तिथं दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्यानं मागचं झाकण उघडलं, आत फुंकर मारली, चिमटा घातला आणि पंख्यातून काळं काहीतरी ओढून काढलं. लोकर! चांगला गुंता निघाला. जिथून गरम हवा बाहेर पडते तिथंही तेच बसलेलं. म्हणाला, "ताई, घरी मेंढरं हायत व्हय?" मी भडकले. आमची मेंढरं माझ्या लग्नाआधीच गेली, आम्ही आता ऊस लावतो, आणि मेंढरं असती तरी ती काय लॅपटॉपवर बसवली असती का? तो हसतच राहिला. आतला पंखा अडकला, मशीन गरम होत गेलं आणि मुख्य बोर्ड जळाला. नवा बोर्ड घालायचा म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तुझे फोटो आणि अभ्यासाचे व्हिडिओ मात्र शाबूत आहेत, ते त्यानं वेगळे काढून दिलेत.

परत येताना एसटीत माझं डोकं नुसतं तापलेलं. लोकर आली कुठून? घरी पोचल्या पोचल्या मी भर ओट्यावर विचारलं. तुझ्या दादानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मलाच दवाखान्यात न्यावं. आई एकदम तांदूळ निवडायला लागल्या. निवडलेलेच तांदूळ होते ते. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की आईंना काहीतरी माहीत आहे. आणि मग आप्पा कोपऱ्यातून म्हणाले, "म्या पांघरूण घालत व्हतो त्येच्यावर."

झालं होतं असं. बॅनरची फाइल फार जड असते आणि आपलं नेटवर्क मुंगीच्या पायानं चालतं. म्हणून संध्याकाळी मी फाइल पाठवायला लावायचे, लॅपटॉप अर्धवट मिटायचे आणि स्वयंपाकाला जायचे. आप्पा तिथंच बसलेले असायचे. "घरघर करायचं गं ते," म्हणाले. "हात लावला तर आंग तापल्यालं. कोकरू आसं थरथराया लागलं तर आपन उघडं ठिवतो का? आन् ऋतीचं हाय ते. ती येईस्तवर जपाया नगं?" आणि पांघरूण कसलं, तर देवाच्या जागरणालाच बाहेर निघते ती ठेवणीतली घोंगडी! माझ्या लग्नात माझ्या वडिलांनाही ती बसायला मिळाली नव्हती. रोज संध्याकाळी ते लॅपटॉपला त्यात गुंडाळायचे आणि माझी पावलं वाजली की काढून घडी करून ठेवायचे. आई बघत होत्या, पण बोलल्या नाहीत. त्यांना वाटलं, घालतायत तर घालू देत, तेवढंच त्यांच्या जिवाला बरं वाटतंय.

दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. शिरूरपासून मनात जुळवत आणलेलं सगळं भांडण वाया गेलं. मला रडू आलं, आणि आईंना मी सांगितलं की रागानं आलंय. आप्पांना वाटलं लॅपटॉपसाठीच रडतेय. तेव्हापासून ते धड जेवत नाहीत. मला दोनदा बजावलंय, "तिला सांगू नगं. आधीच माझ्यावर रागावलीया." वाटतं, तुम्हा दोघांना समोरासमोर बसवावं आणि बाहेरून कडी लावून घ्यावी.

मी सांगतेय, कारण लॅपटॉपची बातमी तू घरी आल्यावरही चालली असती, पण दुसरी गोष्ट तोवर थांबणार नाही. परवा रविवारी तू आईंना सांगितलंस, की ट्रेनिंग संपतानाच्या परेडला घरची दोनच माणसं आत सोडतात आणि तू आईचं आणि दादाचं नाव दिलंयस. आई ते फोन ठेवल्यावर सगळ्यांना सांगत होत्या. आप्पा तेव्हा गोठ्यातून येऊन दारात उभे होते. ऐकलं आणि तसेच परत गोठ्यात गेले. त्याच्या आठवडाभर आधीच त्यांनी इथल्या शिंप्याकडे नवा पांढरा सदरा शिवायला टाकला होता, कशाला ते कुणाला न सांगता. काल शिंपी सदरा घेऊन घरी आला, तर त्याला म्हणाले, "ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. आता घाई न्हाई." ऋतिका, दादाचं नाव काढ आणि तिथं आप्पांचं घाल. दादाला मी समजावते, तो नाही म्हणायचा नाही. सदरा अजून शिंप्याकडेच आहे. तू नाव बदललंस एवढं कळव, मी जाऊन घेऊन येते.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
मोनिका वहिनी