दीडशेपैकी एकसष्ट

३ नोव्हेंबर
आजपासून मी परीक्षक! माझी लेक झोया संगणकावर विमान चालवणार, मी मागे स्टुलावर बसून गुण द्यायचे. हैदराबादच्या विमानशाळेतल्या सरांचा नियम — संगणकाचे गुण नकोत, घरच्या माणसाने तक्ता भरायचा. उंची, वेग, उतरणं, प्रत्येकी पाच. दहा उड्डाणं. तक्ता बघून सर निवड करणार.

निवडली तर दोन वर्षं हैदराबाद. घरात मी आणि सासरे.

४ नोव्हेंबर
उंचीला दोन दिले. काटा शंभर फूट हलला.
"अम्मी, शंभर फूट माफ असतात!"
माझ्याकडे नसतात.

६ नोव्हेंबर
सासरे प्रवासी म्हणून येऊन बसले. चाळीस वर्षं जहाजावर काढलेला माणूस — पट्ट्याशिवाय बसेनात. शेवटी माझी ओढणी कमरेला बांधली. विमान उतरलं. त्यांच्या बशीतला चहा सांडला नाही.
"इफ्फत, पाच दे पोरीला."
"अब्बा, खुर्ची घरातच होती."
तीन दिले.

९ नोव्हेंबर
उतरण्याला एक. चाकं बरोबर रेघेवर टेकली होती. पण दुपारी झोया सुरमई ताटात तशीच टाकून उठली.

१० नोव्हेंबर
"अम्मी, काटे बघ ना. माझं तोंड काय बघतेस?"

तोंडच बघत होते.

१२ नोव्हेंबर
तक्ता पाठवला. दीडशेपैकी एकसष्ट. झोयाने बेरीज दोनदा केली.
"इतकी वाईट आहे मी?"
मी पापड भाजत होते. भाजत राहिले. तीन जळले.

१३ नोव्हेंबर
झोया कॉलेजला गेल्यावर स्वतः खुर्चीत बसले. तीनदा उडाले. दोनदा भाट्याच्या समुद्रात, एकदा कोणाच्या तरी आंब्याच्या बागेत. अब्बा मागे, ओढणी बांधून! तिसऱ्या वेळी त्यांनी कलमा पढला.

माझ्या हातात काटा हजार फूट हलतो. ती शंभरात धरते.

सरांना फोन लावला — तक्ता खोटा आहे, सांगायला. उचलला नाही. उद्या.

१४ नोव्हेंबर
त्यांचाच फोन. "बाई, बाकी सगळ्या घरांतून दीडशेपैकी दीडशे आलेत! तुमच्यासारख्या परीक्षकासमोर जी मुलगी दहाही उड्डाणं पुरी करते, ती टिकेल. पाठवा तिला."

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. मिटलं. माळ्यावरून बॅग काढली.