तोटीला बांधलेली वायर

४ फेब्रुवारी १९९७, मंगळवार
कालच्या नोंदीत दुरुस्ती. "आनंददादाच्या काँप्रेसरचं अर्थिंग मी नळाच्या लोखंडी पाइपला दिलं, आता पूर्ण सेफ" असं लिहिलं आहे. पाइप लोखंडी नाही. तोटी आणि तिच्यामागची वीतभर नळी तेवढी लोखंडी. भिंतीत सगळं प्लास्टिक. आज वॉशर बदलायला आलेला प्लंबर म्हणाला, "बेन, बे वरस पहेलां बधुं बदली नाख्युं." दोन वर्षांपूर्वीच सगळे पाइप बदलले. म्हणजे माझी वायर जमिनीपर्यंत पोचतच नाही. मोटरमधून करंट लीक झाला तर तो तोटीत येऊन थांबणार.
मोटर सेकंडहँड असली तरी चांगली आहे. लीक होणार नाही.
आज सांगत नाही. कालच बाबांनी समोरच्या गणपतरावांना बोलावून वायर दाखवली. "आमच्या घराण्यात तलवारी झाल्या. वायरमन कोर्सचं सर्टिफिकेट आमच्या मुलीचं, मोहनाचं पहिलंच."
रविवारी, ९ तारखेला, सगळ्यांना सांगून वायर काढायची.

९ फेब्रुवारी, रविवार
सांगितलं नाही. बाबांचा मूड चांगला होता.
शिवाय २१ तारखेला वायरमनच्या परवान्याची तोंडी परीक्षा. परवाना नसलेल्याने सांगितली तर ती चूक. परवाना असलेल्याने सांगितली तर ती तपासणी. थांबण्यातच जबाबदारी आहे.

१२ फेब्रुवारी, दुपार
मृदुलावहिनी म्हणाली, भांडी घासताना नळ झिणझिणतो. दहाला दादा कपाटं रंगवायला काँप्रेसर लावतो. भांडीही तेव्हाच पडतात. आई म्हणाली, "दहा वाजले की नळ चावतो बाईंना. माहेरी, पादरा गावचे नळ माणसाळलेले असतील." लग्नाला चारच महिने झालेत, वहिनी उलट बोलत नाही.
कोणी नसताना तोटीला टेस्टर लावला. दिवा लागला, पण मंद. टेस्टर जुना आहे.
दुरुस्ती: फार मंद नव्हता.
वहिनीला माझ्या रबरी सपाता दिल्या. निम्मा प्रश्न सुटला.

१३ फेब्रुवारी
आईने सपाता अंगणात फेकल्या. मोरीला लागून पिण्याच्या पाण्याचे हंडे, तिथे पायताण चालत नाही. मग आईने स्वतः तोटी धरून दाखवली. "मला कसा चावत नाही?"
काँप्रेसर तेव्हा बंद होता. हे मी बोलायला हवं होतं. दूध उतू जात होतं म्हणून राहिलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
तोंडी परीक्षा. साहेबांनी विचारलं, हलवता येणाऱ्या मशीनचं अर्थिंग कुठे द्यायचं? मी म्हणाले, जमिनीत पुरलेल्या रॉडला. नळाला कधीच नाही, पाइप मध्येच प्लास्टिकचा असू शकतो. साहेब म्हणाले, "सरस." पास.
बाबांनी गल्लीभर पेढे वाटले. आज सांगणं बरं दिसलं नसतं. वहिनीने पेढा डाव्या हाताने घेतला. उजवा बधिर झालाय म्हणाली. आई म्हणाली, "नणंदेच्या पेढ्यालासुद्धा हात नीट पुढे येत नाही."
सोमवारी सांगायचं.

२४ फेब्रुवारी, सोमवार
सव्वादहाला वहिनी नळापासून फेकली गेली. मनगट मोडलं. आई म्हणाली, पाय घसरला.
संध्याकाळी पादऱ्याहून तिचे वडील रमाकांतराव आले. आईने सगळ्यांसमोर मला विचारलं, "तू शिकलेली. तूच सांग, नळाला करंट असतो का?"
मी म्हणाले, नळाला स्वतःचा करंट नसतो. वाक्य बरोबर आहे. नंतर पुस्तकात तपासलं.
रमाकांतराव म्हणाले, "लेकीचा हात मोडलाय, आणि तुम्ही साक्ष सर्टिफिकेटची घेताय?" वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मग त्यांच्याबरोबर गेली.

२५ फेब्रुवारी
सगळे उठायच्या आत वायर सोडली. आता नळ कोणाला चावणार नाही. मन हलकं झालं.
दहाला काँप्रेसर चालू असताना आईने भांडी घासली आणि बाबांना हाक मारली. "बघा, कुठे चावतो?" वायर सोडल्यामुळे वहिनी आणखी खोटी ठरली. तसा हेतू नव्हता.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
दादा म्हणाला, काँप्रेसरची टाकी चावते. बरोबर आहे, लीक तसाच आहे, टाकीत आधीपासूनच; दादा रोज कोरड्या फळीवर उभा असतो, आज ओल्या फरशीवर होता.
आईने त्याचं ऐकताक्षणी मानलं. धावत जाऊन मेन स्विच बंद केला, त्याला खाली बसवलं, साखरपाणी दिलं. रबरी सपाता अंगणातून शोधून आणल्या आणि स्वतः त्याच्या पायात घातल्या.
बाबा म्हणाले, मोहना बघेल. मी बघितलं. मोटर लीक आहे, असं स्पष्ट सांगितलं. कधीपासून, ते कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
मोटर दुरुस्त करून आणली. अंगणात खड्डा खणून रॉड पुरला. मीठ, कोळसा, पाणी सगळं नियमाप्रमाणे. नवा थ्री-पिन. बाबांनी गणपतरावांना बोलावून खड्डा दाखवला.
भांडी आता मी घासते. नळ चावत नाही.
आई म्हणते, मृदुलाला आणायला कोणी जायचं नाही, नाटकं विसरली की येईल आपली आपण. दादा कपाटं रंगवतोय.
मी जाणार. पादऱ्याची पहिली बस साडेसहाला. रमाकांतरावांसमोर सांगेन, मग परत येऊन इथे.
उद्या जाता आलं असतं. पण उद्या बाबा परवाना फ्रेम करून आणणार आहेत, भिंतीवर लावताना मी लागेन.
रविवारी. २ मार्च १९९७.