आजे, झोका बांधायला सांगितलाय

प्रिय आजी,

तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तुला वाचता येत नव्हतं आणि आता तर ऐकायलाही तू नाहीस. चैत्रात गेलीस, तेव्हा काही लिहिलं नाही. आज बसले, कारण परवा नागपंचमी आहे आणि काल हमीदाबीनं मला भर अंगणात झापलं.

मी माहेरी आले आणि आल्या आल्या बाबांना म्हटलं, यंदा झोका बांधायचा नाही, घरात दुःख आहे. शेजारच्या अंगणातून हमीदाबी ओरडली, "मेल्यावर बी तिचा झोका बंद करायलीस का गं?"

म्हणजे हिला माहीत होतं! म्हणजे तुलाही?

थांब, आधी मी कबूल करते. तू असताना कधी तोंड उघडलं नाही.

माझ्या लग्नानंतरची पहिली पंचमी आठवते? परभणीहून सासरे मला न्यायला आले होते. पुरणाची दिंडं खाऊन, मिशीवरून हात फिरवत लिंबाखाली खुर्चीत बसले. आणि तू! सत्तरी ओलांडलेली बाई, पदर खोचून झोक्यावर उभी! हमीदाबीनं मागून झोका दिला आणि तू असा काही रेटा घेतलास की पाय पार पत्र्याच्या वर. वरून गाणं, तिथल्या तिथं व्याह्यांवर रचलेलं:

"इवाई आले पंचमीला, मिशीला लावून लोणी गं,
लाह्या मागती उपरण्यात, देईना त्यांना कोणी गं!"

बायका हसून हसून लोळल्या. सासरेही हसले, पण थोडंसंच. परत जाताना गाडीत त्यांनी विचारलं, "तुमच्या आजीचं वय काय असेल?"

बस, एवढंच. त्यात राग होता की कौतुक, ते मी विचारलंसुद्धा नाही. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या वर्षी पंचमीच्या आधीच आले आणि गुडघ्याचं निमित्त करून तुला मानवतला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तपासलं, गुडघ्याच्या गोळ्या लिहून दिल्या आणि मला म्हणाले, बाकी तब्येत ठणठणीत आहे. परतीच्या एसटीत मी तुला सांगितलं, "छातीत थोडं आहे म्हणाले. झोका, फुगडी, सगळं बंद."

किती सहज बोलले गं! पुढच्या सीटवरची बाईसुद्धा वळून हळहळली. तू खिडकीबाहेर बघत होतीस.

"लय हाय का गं?"

"लय नाही. पण जपायला पाहिजे."

"बरं बाई," म्हणालीस आणि पिशवीतले फुटाणे काढून खायला लागलीस.

मग तीन पंचम्या ओट्यावर बसून काढल्यास. पोरी बोलवायला यायच्या, "आजी, एकच झोका!" आणि तुझ्याआधी मीच नाही म्हणायचे. सासरे आले की तुझा हात छातीवर. एकदा तर "आई गं" करून भिंतीला टेकलीस आणि त्यांनी स्वतः उठून तुला पाणी दिलं. माझ्या खोट्यानं ही खरंच आजारी पडली की काय, असं तेव्हा मनात आलं. तरी मी गप्प बसले, आजे. वर बरंही वाटलं की आता ही गाणार नाही. हे लिहायलासुद्धा लाज वाटते.

पण शिंकणाऱ्या तलाठ्याची हुबेहूब नक्कल करणारी बाई तू! ते "आई गं" सोंग आहे, हे मला कसं कळलं नाही?

काल हमीदाबी म्हणाली, "तू गोळ्या आणायला गेलतीस तवा डाक्टरनं तिला तोंडावर सांगितलं, मावशी, तुमचं काळीज पोरीवाणी हाय. घरी येऊन पोट धरून हसली. मी म्हणलं, पोरीला जाब विचार की. तर म्हणली, ऱ्हाऊ दे, तिला नांदायचंय. मला काय, ती गेल्यावर बी लिंब हितंच हाय!"

मी परभणीला गेले की दुसऱ्याच दिवशी तू झोक्यावर उभी. दरवर्षी माझ्या सासऱ्यांवर नवं कडवं. मला कुणी सांगायचं नाही, अशी सगळ्यांना शपथ. मी बाबांकडे पाहिलं, तर ते मान खाली घालून दोर उलगडत होते.

सगळ्या गल्लीनं तुला पाहिलं, एक मीच नाही. तीन वर्षं तू फक्त माझ्यापुढं म्हातारी झालीस.

रागही येतो तुझा. एकदा तरी कान धरायचास! शेवटच्या तापात मी आठ दिवस तुझ्या उशाशी होते. तू मला चिमटे काढून हसवत होतीस आणि मी काय म्हणत होते? "आजी, बोलू नको, छातीवर ताण येतो." तेव्हाही तेच खोटं! तू डोळे मिटून हसलीस. मला वाटलं, तापाची ग्लानी आहे. तेव्हा बोलले असते तर निदान आपण दोघी मिळून हसलो असतो.

झोका बांधायला सांगितलाय. वर्ष व्हायच्या आत सण करायला लागले म्हणून लोक बोलतील, तर बोलू देत. परवा सासरे येणार आहेत. त्यांची खुर्ची लिंबाखालीच ठेवणार. आधी सांगणार, "मामा, आजीच्या छातीत काही नव्हतं. मला तिची लाज वाटली म्हणून मी खोटं बोलले." मग पदर खोचून झोक्यावर उभी राहणार. हमीदाबीकडून सगळी कडवी लिहून घेतली आहेत, एकही गाळणार नाही. मला उभ्यानं झोका येत नाही, तुला माहीतच आहे. धडधडेल खूप. पण हात छातीवर जाणार नाही, आजे. दोन्ही हातांनी दोर घट्ट धरायचा, हे तूच शिकवलंस ना?

तुझी खोटारडी,
वर्षी