ठिणगी गोरी करावी

शनिवार, ७ मार्च, सकाळचे पावणेसात.
ब्रश धुऊन फडक्यावर वाळत ठेवले आहेत, ते वाळेपर्यंत हे लिहितो.

ती. ताईस,
शाईचे हात पुसून शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. खोकला गेला. तू पाठवलेलं औषध घेतलं नाही तरी गेला, हे आधीच कबूल करतो म्हणजे तू नंतर विचारणार नाहीस.

काळजीची गोष्ट वेगळीच आहे. काल मालक वितरकाकडून आले ते तडक माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. तुला माहीत आहेच, आमच्या मासिक चित्रकथेतली ठिणगी ही वायरमनची मुलगी. विजेच्या खांबांवर चढते आणि चोर पकडते. चित्रकारकाका तिला रेघांत काढतात आणि रंग मी भरतो. गेल्या सुट्टीत मी चिमणीचा हात कागदाशेजारी ठेवून ठिणगीचा रंग जुळवला, तेव्हापासून तुझी लेक तिला आपली सख्खी बहीण समजते.

तर वितरकाचं म्हणणं असं, की ‘त्या’ लोकांची काळी पोर मुखपृष्ठावर दिसली की बाकीचे लोक अंकाला हात लावत नाहीत. वाचक पैसे देतो ते स्वतःपेक्षा उजळ कोणीतरी बघायला. ‘ते’ लोक म्हणजे कोण, हे मालकांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. पुढच्या अंकापासून ठिणगी गोरी हवी. मी विचारलं, फक्त मुखपृष्ठावर की आतही? ते म्हणाले, सगळीकडे. पुढे घोळ नको म्हणून मी लेखी मागितलं. त्यांनी चिठ्ठीवर “ठिणगी गोरी करावी” एवढंच लिहून सही ठोकली. चित्रकारकाकांनी हात झटकले. त्यांच्या मते रेघेला कातडी नसते.

मला कायम करायचं की नाही हे याच अंकानंतर ठरणार आहे. मी काय करावं ते कळव. चिमणीला एवढ्यात काही बोलू नकोस.

तुझ्या रागाला भिणारा आणि लोभाला सोकावलेला,
तुझा धाकटा


१४ मार्च

चि. टिपकागदास,
अ. उ. आ. आणि एक चिमटा.

तुझं पत्र माझ्याआधी चिमणीने फोडलं, त्यामुळे तुझी शेवटची सूचना फुकट गेली. वाचून ती आत गेली, माझ्या डब्यातली पावडर कोपरापर्यंत थापली आणि बाहेर येऊन विचारलं, की सगळ्या ठिणगीला असे किती डबे लागतील. मी म्हटलं, मामालाच विचार. ती म्हणाली, मामाशी मी बोलत नाही. तेव्हा आता तू आणि ती.

माझं लग्न ठरवायच्या वेळी फोटोवाल्याने मला इतकं उजळवलं होतं ते आठवतं ना? पाहायला आलेल्या मंडळींपुढे मी पाण्याचे पेले घेऊन गेले, तर सासूबाईंनी विचारलं, मुलगी कधी बाहेर येणार? तुझे भावजी शपथेवर सांगतात की त्यांना मीच आवडले, पण तो फोटो अजून त्यांच्या पाकिटात आहे. त्या फोटोतल्या बाईचं आणि माझं अजून पटत नाही.

नोकरी सोडू बिडू नकोस. कागदावरची पोर तुझं खोलीभाडं भरणार नाही. मात्र चिमणीची समजूत घालायचं काम माझ्या गळ्यात टाकू नकोस. दिवसभर दुकानात मी बायकांना ‘या रंगात उजळ दिसाल’ म्हणून कापड विकते, माझ्या तोंडून ते कसं शोभेल?

औषधाचं पाहून घेईन.

तुझ्यावर माया आहे, पण जरा रागावलेली,
ताई


२२ एप्रिल, दुपारी दीड. जेवण झालं, हात धुतले.

ती. ताईस,
घाबऱ्याघुबऱ्या मनाने सा. न. वि. वि.

अंक निघाला आणि नको ते झालं. मी चिठ्ठीबरहुकूम पहिल्या पानापासून शेवटच्या चौकटीपर्यंत ठिणगी गोरी केली. तिची आई, बाप, आजी आणि धाकटा भाऊ यांच्याबद्दल चिठ्ठीत काही नव्हतं. मी मालकांना तसं विचारलंही होतं. ते फोनवर होते, लिहिलंय तेवढं कर म्हणाले. मी तेवढं केलं. आता घरातली चार माणसं जांभळाच्या रंगाची आणि मधोमध ठिणगी दुधाच्या पातेल्यासारखी. आई तिची वेणी घालते त्या चौकटीत तर शेजारच्यांची पोरगी चुकून येऊन बसल्यासारखी वाटते.

पोतंभर पत्रं आली. ही इस्पितळात बदललेली का, असं कुणी विचारतं. एका आजोबांनी तिच्या आईला धीर दिला आहे. पण बहुतेक पोरांनी निकालच लावला, की ही ठिणगी नव्हेच. मागच्या अंकात कोणाचंही रूप घेणारा सोंगाड्या चोर तुरुंगातून पळाला होता ना, हा तोच. खरी ठिणगी कुठेतरी कोंडलेली आहे आणि तिच्या आईला कळत कसं नाही, म्हणून पोरं आईवर चिडली आहेत.

खप दीडपट झाला. वितरक म्हणतो, बघा, गोरी केली आणि चालली. मालकांनाही ते पटलं. त्यांनी आता नवी चिठ्ठी दिली आहे, की पुढच्या अंकात सगळं घरदार गोरं करावं, म्हणजे तक्रारच मिटेल.

ताई, ही चिठ्ठी मी दोन दिवस टेबलावर पालथी घालून ठेवली आहे. चिमणीचं काय चाललंय? अजून बोलत नाही का?

तुझ्या दोन ओळींची वाट पाहणारा,
तुझा धाकटा


२७ एप्रिल

चि. टिपकागदास,
अ. उ. आ.

दोन ओळी मागितल्यास, घे. चिमणीने तो अंक शाळेत नेला नाही. मैत्रिणींनी विचारलं तेव्हा म्हणाली, मी आता चित्रकथा वाचत नाही, त्या लहान मुलांच्या असतात.

मागे मी नोकरीबद्दल लिहिलं ते खोडत नाही. पण चिठ्ठी पालथी घालून काम होत नसतं. जे काय करशील ते तोंड उघडून कर.

नेहमीसारखीच तुझी,
ताई


३ जून, संध्याकाळ. मालक आत्ताच गेले, दिवा मीच मालवायचा आहे.

ती. ताईस,
आज जरा ताठ मानेने सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी मालकांच्या खोलीत गेलो. त्यांनी बस म्हणायच्या आत खुर्चीवर बसलो, त्यानेच ते निम्मे गार झाले. मी म्हटलं, खप गोरीमुळे वाढलेला नाही. पोरं सोंगाड्या कधी पकडला जातो ते बघायला अंक घेतायत. आता हीच खरी म्हणून सांगितलं तर पोरं आपल्यालाच सोंगाडे म्हणतील. आणि घरदार गोरं करायचं असेल तर ते दुसऱ्या कोणाकडून करून घ्या, माझ्याच्याने होणार नाही. एवढं बोलून मला नोकरी गेल्यासारखंच वाटलं.

 मालक चित्रकारकाकांना बोलावून म्हणाले, की सोंगाड्याची ही कल्पना त्यांच्या मनात पहिल्यापासून होती, फक्त आम्हाला सांगायची राहिली. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

मालकांना मुखपृष्ठावर ‘काळी खरी, गोरी खोटी’ असं छापायचं होतं. पण पोत्यात एका मुलीचं पत्र होतं, की मी गोरी आहे, शाळेत मला सोंगाड्या म्हणतात, मी काय करू? ते मी मालकांना वाचून दाखवलं. ती ओळ रद्द झाली. काकांनी कथेत तिच्यासारखी एक गोरी मुलगी घातली, तीच ठिणगीच्या कोठडीचा कोयंडा काढते. मुखपृष्ठावर ठिणगी आपल्या रंगात, पानभर, खांबाच्या टोकावर. वितरकाने नाक मुरडलं, पण अंक नेले आणि आठवड्यात पुन्हा मागवले. मला कायम केलं.

खरी बातमी पुढेच आहे. आजच्या टपालात चिमणीचं पत्र निघालं. मामाला नव्हे, ‘मा. संपादक’ यांना. तिची तक्रार अशी, की ठिणगी खांबावर चढते तेव्हा तिची वेणी मोकळी लोंबते, ती तारेत कशी अडकत नाही? शिवाय ती अभ्यास कधी करते? शाळेत हा अंक सगळ्यांनी वाचला आणि कुणालाच सांगता आलं नाही, म्हणून लवकर कळवावं. दोन पानं भरली आहेत. रंगाबद्दल एक अक्षर नाही.

मालक म्हणाले, वाचकाला उत्तर गेलंच पाहिजे. मी सकाळपासून विचार करतोय, मला काही सुचत नाही. तुला सुचलं तर उलट टपाली कळव, पण चिमणीला कळू देऊ नकोस.

तुझ्या मायेचा कायम हक्कदार, आणि आता नोकरीतही कायम,
तुझा धाकटा