शाळूच्या रानात तुजा अल्बम

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
मु. पो. मंद्रूप

चिरंजीव कलावंत शिवराज मल्लिनाथ यास,

गोजरआत्याचे पोटभर आशीर्वाद. हिकडं आमी समदी खुशाल, म्हशीचा पाय सोडून. तुजी तब्येत कशी हाय? जेवतोस का नुसता चहावर गातोस? फोन तू उचलत न्हाईस, आन् तुज्या बापाकडं निरोप द्यावा तर माजा भाऊ अर्धा निरोप वाटंतच गिळतोय, म्हणून ह्ये पत्र सोलापूरला जाणाऱ्या दुधाच्या गाडीतनं धाडतेय. (अक्षराला हसू नगंस. सातवी पास हाय मी, त्येबी पयल्या झटक्यात. तुज्या बापाला दोन खेपा लागल्या, इचार त्येला.)

तर आरं लेकरा, तुजा अल्बम हिकडं तुफान चाललाय! खोटं सांगत असंन तर जीभ झडंल माजी. दिस उगवल्यापासनं बुडूस्तवर वाजतोय. शेजारची सुंदरम्मा, जिच्या घरात कानडीबिगर शब्द न्हाई, ती म्हशीची धार काढताना तुजं तिसरं गाणं म्हणती, आन् म्हैसबी आता त्या ठेक्याबिगर पान्हा सोडंना झालीय. मल्लव्वाच्या हळदीकुंकवाला मला नाव घ्यायचा आग्रह झाला. मी पदर सावरून उभी ऱ्हायले, आन् तोंडातनं आलं काय, तर तुजंच गाणं, शेवटाला मालकांचं नाव चिकटवून! बाया वाण लुटायचं इसरल्या. मग म्हणाल्या, "गोजरबाई, परत म्हणा की."

आता ह्ये झालं कसं, त्ये बैजवार सांगते. दिवाळीत तू मला पेनड्राईव्ह दिलास, "आत्या, तू तरी आयक" म्हणून. आयकलं की मी. खरं सांगू? कायबी कळलं न्हाई. त्या तुज्या रॅपमदी तू दमच घेत न्हाईस, हितं मलाच धाप लागली. त्यात तू घेतलेलं त्ये नाव, 'एमसी चव्वेचाळीस' (तू म्हणालास, सोलापूरच्या उन्हाचा पारा, मला वाटलं, काठावर पास झालास). तरी पोरानं पयल्यांदा एकट्याच्या जिवावर काय तरी केलंय, म्हणून पेनड्राईव्ह देव्हाऱ्यात ठेवला, हळद-कुंकू लावून. संक्रांतीच्या आदी शाळू दुधात आला आन् पाखरांची धाड पडली. आता गोफण घेऊन कोण बसतंय! रानात भोंगा लावायचा, त्यात "हुर्र हुर्र" भरलेलं, त्येच दिसभर बोंबलतंय. आमच्या भोंग्यात मालकांचाच आवाज हुता. पाखरांनी त्यो वळखला, की ह्यो नुसताच वरडतोय. (मीबी लग्नानंतर आठ दिसांत वळखला हुता.) मग मालकांनी देव्हाऱ्यातला पेनड्राईव्ह भजनाचा समजून उचलला, आन् देवाच्या नावानं तरी पाखरं हटत्यात का बगू म्हणून रानात जाऊन लावला.

आता रागावू नगंस. तू पयल्याच गाण्याला "एऽऽ!" म्हणून जे वरडलास, अख्खा थवा भर्रकन उठला त्यो थेट नदीच्या अंगाला गेला. दिसभर एक चिमणी कणसावर टेकली न्हाई! मालक पळत घरी आले, चपला रानातच, धोतराचा सोगा हातात, आन् म्हणतात, "पोरानं नाव काढलं!" दुसऱ्या दिशी सुंदरम्मा मागून घेऊन गेली, मग तिच्या पल्याडची. आता चार रानांत चार भोंगे, परत्येकाचं गाणं मागंफुडं. तू एका बांधावर भांडतोस, दुसऱ्या बांधावर रडतोस, तिसऱ्यावर आमदाराला शिव्या देतोस. (त्या गाण्याला जरा आवाज कमी करतो आमी.) हुरडा खायला सोलापूरची पाव्हणी आली हुती, ती गरम कणसं हातात धरून इचारायला लागली, "कोण हाय ओ ह्यो?" म्हटलं, माजा भाचा, तुमच्याच गावात ऱ्हातोय. तुमाला म्हाईत न्हाई व्हय?

आन् बाळा, वांगी तोडताना रोज आयकून आयकून एक दिस मला शब्द कळाय लागले.

"तू पुण्याला गेलास, मी हितंच रापलो,
गिरणीच्या चिमणीखाली एकटाच तापलो."

तुज्यासंगं गाणारे दोगं जोडीदार तुला टाकून पुण्याला गेले, तवा म्या इचारलं हुतं, तर "ठीक हाय, आत्या" म्हणालास. ठीक नव्हतं की रं. म्या पाटी खाली ठेवली आन् बांधावर बसून लई रडले. मालकांना वाटलं, काटा मोडला.

आन् काल तुजा बाप फोनवर सांगतोय, शिवराज येत्या रविवारी समदी गाणी पुसून टाकणार, मोबाईलच्या दुकानात कामाला लागणार, कारण आयकतंय कोण! असा संताप आला मला! दुकानात खुशाल लाग, भाकरी कुणाला चुकलीय? पण गाणी पुसणारा तू कोण? तुज्या फोनमदल्या आयकणाऱ्यांच्या आकड्यात आमचं शिवार धरलंय व्हय? सुंदरम्माची म्हैस धरलीय? मालक रात्री जेवले न्हाईत. तुला माज्या गळ्याची आण हाय, पुसू नगंस.

म्हशीचा पाय बरा झाला की तुला बगायला येते. कडक भाकरी आन् शेंगाचटणी घेऊन येईन, दार उघड म्हंजी झालं.

तुजी,
गोजरआत्या

ता. क. : वर एक गोष्ट मी दाबली, ती आता सांगते. चार दिस झालं, पाखरं तुला भ्यायची बंद झालीत. आदी नुसती बांधावर येऊन बसाय लागली, आता भोंग्याभवती गर्दी करत्यात. एक साळुंकी तर भोंग्यावरच बसती. मालकांनी ढेकूळ मारलं, तर जरा सरकली, पण गाणं संपल्याबिगर उठली न्हाई. वरच्या अंगाची कणसं साफ झालीत.

ता. क. २ : म्हणून दुसरा अल्बम लगोलग काढ, शाळूच्या काढणीच्या आत. हाकलायला त्यो लावू. पण पयल्याला हात लावू नगंस. काल मालकांनी वैतागून भोंगा बंद केला, तर समदी पाखरं कणसं सोडून तारंवर बसून ऱ्हायली, भोंग्याकडं तोंड करून. शेवटी मालकांनीच परत लावला.