पायाचे दोन फोटो

१२ नोव्हेंबर, मंगळवार

“आधा वजन डालो!” — झालं. एवढं ऐकायला बिदरहून कलबुर्गीपर्यंत गाडीत पाय आडवा टाकून गेले. सर्जननी नवा एक्सरे खिडकीला धरला, पाकिटात सरकवला, पुढच्या पेशंटला हाक मारली. नौबादच्या वळणावर स्कूटर घसरली, नडगी मोडली, आत सळई बसली, त्याला दहा आठवडे झाले. आणि बोलणं तीन मिनिटांचं!

पण बरं वाटलं. अर्धं वजन. येताना धनराज म्हणाले, “संक्रांतीला शाळेत जातीस बघ.” मी हसले. नवरा म्हणून त्यांचं तेच काम — माझ्याआधी विश्वास ठेवायचा.

१३ नोव्हेंबर, बुधवार

व्यायाम घ्यायला श्रीदेवी आली. “अक्का, अर्धं म्हणजे किती, ते काटा सांगतो.” जमिनीवर वजनकाटा ठेवला आणि त्यावर मोडका पाय टेकवायला लावला. माझं वजन बासष्ट. म्हणजे एकतीसपर्यंत जायचंय. आज अकरावरच घाम फुटला.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आत्याबाई पहाटे शेजारणींबरोबर गाणगापूरला गेल्या, दिवे लागल्यावर आल्या. एवढी मोठी पिशवी कशाला, विचारलं तर म्हणाल्या, “परसाद आणायला.” सासूबाईंशी वाद कोण घालणार!

माझ्या नडगीला भस्म लावलं. “दत्ताला सांगून आले माय. आता त्याला काळजी.” टाक्यांच्या वणावरून त्यांचं बोट फिरलं ते इतकं हलकं, की मी पाय मागं घेतला नाही. एरवी कुणी जवळ आलं तरी दचकते.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

माझा भाऊ रामकिशन औरादहून आला. धाकटा, पण वागणं थोरल्याचं. कॉटखाली बेडपॅनशेजारी पडलेलं पाकीट ओढलं, एक्सरे काढला, खिडकीला धरून माझ्याच मोबाइलवर त्याचा फोटो घेतला आणि लातूरच्या हाडांच्या डॉक्टरांना पाठवून दिला. “अक्का, दुसऱ्याचंबी मत घ्यावं. काय बिघडायलंय?”

संध्याकाळी मत आलं. फट तशीच आहे. हाड जुळत नाही. पायावर वजन अजिबात नको. कमरेचं हाड काढून तिथं भरावं लागेल.

आणि मी कालच एकोणीसवर गेले होते! ज्या पायाला शाबासकी दिली, त्याचीच वाट लावत होते?

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

धनराजनी कलबुर्गीला सहा वेळा फोन केला. सातव्यांदा सर्जन सापडले. “मैं देखा ना? चलने दो.” बंद.

“त्यायचं काय जायलंय? पाय आपला हाय!” — रामकिशन.

“पोरीला उभी करू नका रे. पडली तर?” — आत्याबाई.

“मी कुणाचं ऐकू, तेवढं सांग.” — धनराज. मला विचारतात!

श्रीदेवी दारात उभी होती. सगळे पांगल्यावर हळूच म्हणाली, “अक्का, दुखणं वाढलंय का?” नाही. कमीच झालंय. “मग?”

पण मनात भीती होती. तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

२७ नोव्हेंबर, बुधवार

वजनकाटा कॉटखाली सरकवला.

१ डिसेंबर, रविवार

उजवी पोटरी आता दोन्ही हातांच्या बोटांत मावते. साबण लावताना दुसऱ्याच कुणाचा पाय धुते आहे असं वाटतं.

सातवीच्या मुलांनी कार्ड पाठवलं. ‘बाई, लवकर चाला.’ सगळ्यांच्या सह्या आहेत, तारीख नाही! इतकी वर्षं ओरडते — तारीख नसलेली वही मी तपासणार नाही. पडल्या पडल्या लाल पेन मागावासा वाटला. मग रडू आलं.

दोघंही शिकलेले. दोघंही खात्रीनं बोलतात. एकाचं ऐकून चालावं तर सळई वाकायची भीती, दुसऱ्याचं ऐकून पडून राहावं तर पाय वाळत चाललाय. दिवसरात्र या पायाबरोबर मीच आहे. आणि त्याच्याबद्दल मलाच काही सांगता येत नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

लातूरची तारीख ठरली. सोमवारी ऑपरेशन, रविवारी ॲडमिट. “तिथं नवा एक्सरे काढतीलच ना?” रामकिशनला विचारलं. “काढतील. पण तयारीनंच या म्हणाले.”

पुन्हा पाठीतली भुलीची सुई. पहिल्या वेळी काही माहीत नव्हतं म्हणून निभावलं. आता सगळं माहीत आहे.

आत्याबाई पोळ्या लाटताना रडत होत्या. लाटण्याच्या आवाजात ऐकू जात नाही असं त्यांना वाटतं.

५ डिसेंबर, गुरुवार

आत्याबाईंना कालपासून ताप. दत्ताचा वार, आणि दिवा लागला नव्हता. वॉकर घेतला, डाव्या पायावर उड्या मारत देवघरात गेले. मागून हाका — “अगं, कामून उठायलीस? राहू दे की!”

दिवा लावला. दत्ताच्या तसबिरीमागं लाल कापडात काहीतरी मोठं, पातळ. उघडलं.

एक्सरे!

दोन्ही हातांनी ट्यूबलाइटसमोर धरला. कोपऱ्यात तारीख — १२-११. फट होती, पण तिच्यावर पांढरं धुकं उतरल्यासारखं.

परत येऊन पाकिटातला काढला. त्यावर ०६-०९. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीचा! लातूरला हाच गेला. मोबाइलवर बघितलं, तर तारखेवर नेमका रामकिशनचा अंगठा. त्याला काय बोलू? तीन आठवडे पाकीट माझ्या कॉटखाली होतं. तारखेसाठी मुलांना उभं करणारी मी — एकदाही बघितलं नाही.

“पादुकांपुढं ठेवून आणला,” आत्याबाई अंथरुणातूनच म्हणाल्या. “देवापुढं ठेवलेला फोटू तुझ्या त्या भांड्याशेजारी कसा टाकू? म्हणून एक देवाला ठेवला, एक डॉक्टरला ठेवला. फोटू दोन असंना का, पाय तर एकच हाय की!”

मी समजावून सांगितलं. त्या ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा लहान लहान होत गेला.

“म्हंजे माझ्यापायी तुला परत कापणार व्हते?”

त्यांच्या कपाळावर हात ठेवला. तापलेलं होतं.

६ डिसेंबर, शुक्रवार

नवा एक्सरे लातूरला पाठवला. उत्तर दुपारीच — हाड छान भरतंय, हा आधी का नाही पाठवला? ऑपरेशन नको. वजन वाढवा. कलबुर्गी आणि लातूर, अखेर एकदाचे एका तोंडानं बोलले!

धनराज भडकले. “इतके दिवस कुठं होता हा?”

आत्याबाई दाराशी. पदर तोंडाला.

“माझ्या वह्यांच्या गठ्ठ्यात,” मी म्हणाले. “मीच ठेवला आणि विसरले.”

“मास्तरीण म्हणे!” — फोनवर रामकिशन. बोलू दे.

आत्याबाईंनी संध्याकाळी कॉटखालून वजनकाटा ओढला, पदरानं पुसला, आणि त्याला हळदकुंकू लावलं!

९ डिसेंबर, सोमवार

आज या वेळी भूल उतरत असती.

श्रीदेवी आली. काटा चौदाच्या पुढं जाईना. पायाची हिंमतच गेली म्हणाले तिला. ती गेल्यावर एक गोष्ट लक्षात आली, मघापासून अंगावर काटा आहे. गुरुवारी देवघरात एक्सरे उजेडाला धरला, तेव्हा माझे दोन्ही हात वर होते. वॉकर मागं, भिंतीला टेकलेला.

फरशी गार होती. दोन्ही तळव्यांना.