आईच्या गाण्यासाठी कोरी जागा

३ फेब्रुवारी, सोमवार
संकल्प: इल्माच्या आईचं गाणं वाचवायचं. सासूबाई आता नाहीत; त्यांच्या आवाजातला फिनिश पाळणा, एकच प्रत, तीही कॉम्प्युटरच्या जुन्या डिस्कवर. ती डिस्क हल्ली खरखरते. कधी बंद पडेल सांगता येत नाही. रविवारी मेहुणी सेन्या डुलूथहून तेवढ्यासाठी येणार आहे. दुकानात देणार नाही, तिथे फसवतात. नववी नापास असलो तरी खनिजाच्या धक्क्यावर क्रेन चालवलीय मी.

४ फेब्रुवारी
नवी डिस्क आली, दिसायला जुनीसारखीच. एकटीच जोडून पाहिली. यंत्र तिला ‘एसडीबी’ म्हणतं. पाठ केलं. तिच्यात एक भाग पाडला. आता त्यावर फाइल सिस्टिम करायची, म्हणजे रिकाम्या कपाटात फळ्या ठोकायच्या; आत आधीचं काही असेल तर ते जातं. एका ओळीचा हुकूम.
शेजारचा पेंटी कॉफीला आला. म्हणाला, “एका वेळी एकच डिस्क जोड, म्हाताऱ्या. दोन असल्या की ‘एसडीबी’सारखी नावं एकीची दुसरीला जातात.” म्हातारा म्हणे! माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे.

५ फेब्रुवारी
बर्फ उपसून पाठ गेली. काम उद्या.
इल्माने फ्रीझर आवरला. हरणाच्या मांसाच्या पुडीवर मी ‘नवं’ लिहिलेलं. म्हणाली, “कुठल्या सालचं नवं रे?” लिहिलं तेव्हा नवंच होतं. वस्तू आली की त्याच दिवशी नाव देतो मी. या घरात शिस्तीचं कौतुक नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी
दोन्ही डिस्क जोडूनच कॉम्प्युटर चालू केला. वेळ वाचतो. फळ्या ठोकायचा हुकूम दिला: एमकेएफएस, एसडीबी-वन. यंत्र इल्माच्या वरताण. म्हणे, इथे आधीच फाइल सिस्टिम आहे, नाव ‘न्यू’, तरी पुढे जाऊ?
चष्मा लावला. मग नाव नीट वाचलं. न्यू! म्हणजे नवीच. कंपनीनेच लिहून पाठवलंय. ‘वाय’ दाबलं. झालंसुद्धा!

दुपारी
सौनात, वाफ घेत बसलो असताना, पेंटीला सांगितलं. तो म्हणाला, “कोऱ्या डिस्कला कंपनी नाव कशाला देईल?” जळतो.
जुनी उघडत नाही. तिच्यावर फाइल सिस्टिमच नाही म्हणे. वय झालं बिचारीचं. आणि ही नवी आत्तापासूनच खरखरते. हल्ली मालात दम नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
सेन्या आली. दोघी बहिणी कॉम्प्युटरसमोर खुर्च्या ओढून बसल्या. डिस्कवर एकच फोल्डर: ‘लॉस्ट अँड फाउंड’. मोठ्या आशेने उघडला. रिकामा.
इल्माने खरखरणारी डिस्क हातात घेऊन उलटी केली. खाली पिवळी पडलेली चिकटपट्टी, माझं अक्षर: ‘न्यू’.
ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, “कुठल्या सालचं नवं रे?”
मग दोघी स्वतःच पाळणा म्हणू लागल्या. दुसऱ्या कडव्याला अडल्या. सेन्या म्हणाली, “हे आईलाच विचारायला हवं.” इल्माने कॉम्प्युटर बंद केला.

संध्याकाळी
नव्या डिस्कला चिकटपट्टी लावून ठेवली आहे. काय लिहावं सुचत नाही.